तेल उतरते, पेट्रोल का उतरत नाही?

२० एप्रिल २०२० या दिवशी अमेरिकेच्या तेलबाजारात पूर्वी कधी न घडलेली गोष्ट घडली. मे महिन्याच्या वायद्याचा भाव पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. म्हणजे विक्रेताच पदरचे पैसे देऊन तेल घेऊन जाण्याची विनवणी करू लागला. टाळेबंदीमुळे जगभर मोटारी, विमाने आणि कारखाने थांबले होते. ओक्लाहोमा राज्यातील कुशिंग येथील टाक्या भरत आल्या होत्या आणि वायद्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. भारत त्या भावाने तेल घेत नव्हता, हे खरे. परंतु भारत ज्या प्रतीचे तेल घेतो, त्याचा सरासरी भावही त्या महिन्यात वीस डॉलरच्या घरात उतरला होता. एका पिंपात १५९ लिटर तेल असते आणि डॉलरचा दर तेव्हा सुमारे ७६ रुपये होता. साधे त्रैराशिक मांडले तर कच्चे तेल लिटरला दहा रुपयांहूनही स्वस्त पडत होते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, ५ मे रोजी, केंद्र सरकारने पेट्रोलवरील अबकारी कर लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवरील १३ रुपयांनी वाढविला. या वाढीमुळे पंपावरचा भाव बदलला नाही आणि म्हणून फारशी ओरडही झाली नाही. स्वस्ताई ग्राहकाच्या दारापर्यंत येण्यापूर्वीच वाटेत अडविली गेली होती. पुढे जूनमध्ये कच्चे तेल सावरू लागताच पंपावरचे भाव मात्र तीन आठवडे जवळजवळ रोज वाढत गेले.

या घटनेत दोन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. जगात तेलाचा भाव का चढतो-उतरतो, हा एक; आणि आपल्या गावच्या पंपावरचा भाव का चढतो, पण सहसा उतरत नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर या वस्तूच्या स्वभावात आहे, दुसऱ्याचे राज्यकारभारात. या दोहोंची गल्लत करणे राज्यकर्त्यांना सोयीचे असते. नागरिकांनी ती करू नये.

थोडी टंचाई, मोठी भाववाढ

तेलाचा स्वभाव असा की, भाव वाढला म्हणून माणसाला ते लगेच सोडता येत नाही. कचेरीला जाणारा स्कूटर घरी ठेवून दोन दिवस पायी जाईल, तिसऱ्या दिवशी पुन्हा पंपावर येईल. दुसरीकडे, भाव वाढला म्हणून उत्पादनही लगेच वाढत नाही. समुद्रातील नवे क्षेत्र शोधून, विहिरी खणून, वाहिन्या टाकून तेल बाहेर काढण्यास अनेक वर्षे लागतात. मागणी ताठर आणि पुरवठा मंद असला की थोडीशी तूटही भावाला आभाळात नेते आणि थोडासा अतिरिक्त साठा त्याला जमिनीवर आपटतो. या दोन टोकांमध्ये आधार एकच असतो. कोणाच्या तरी हातात, तोटी उघडताच बाहेर पडेल असे जादा उत्पादन राखीव असावे लागते.

कित्येक दशके ही तोटी अमेरिकेच्या हातात होती. टेक्सासमधील विहिरींतून किती तेल काढायचे हे तेथील रेलरोड कमिशन ठरवीत असे आणि भाव कोसळू नये म्हणून उत्पादनाला आवर घालीत असे. मार्च १९७२ मध्ये ही मर्यादा उठली, कारण अमेरिकेची स्वतःची भूक तिच्या विहिरींपेक्षा मोठी झाली होती. किल्ली पश्चिम आशियाकडे गेली ती तेव्हा. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि अरब राष्ट्रांनी पुरवठा आवळला. जगाच्या एकूण पुरवठ्यात पडलेली तूट दहा टक्क्यांच्या आतच होती. तरीही सुमारे तीन डॉलरचे पिंप जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या वर गेले. १९७९ च्या इराणी क्रांतीने आणि पुढच्या वर्षी सुरू झालेल्या इराण-इराक युद्धाने ते तिसाच्या पलीकडे नेले.

परंतु महाग तेल स्वतःच स्वस्त तेलाची बीजे पेरते. चढ्या भावामुळे उत्तर समुद्रातील आणि अलास्कातील अवघड तेल काढणे परवडू लागले. मोटारी कमी तेल पिऊ लागल्या, वीजकेंद्रे कोळशाकडे व अणुशक्तीकडे वळली. भाव टिकविण्यासाठी सौदी अरेबियाने एकट्याने उत्पादन घटवीत नेले. १९८० च्या सुमारास रोज जवळजवळ एक कोटी पिंपे काढणारा हा देश १९८५ च्या उन्हाळ्यात वीस-बावीस लाखांवर आला. अखेर त्याने हा एकाकी भार टाकून दिला आणि १९८६ मध्ये भाव दहा डॉलरपर्यंत कोसळला. पुढचे चक्रही असेच फिरले. स्वस्ताईच्या काळात नव्या विहिरींकडे दुर्लक्ष झाले, चीनची मागणी वाढली आणि जुलै २००८ मध्ये पिंप १४७ डॉलरवर पोहोचले. त्या महागाईने अमेरिकेतील खडकात अडकलेले तेल परवडू लागले आणि जून २०१४ मध्ये ११५ डॉलर असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये तिसाच्या खाली आला.

भारताला या चक्राबाहेर राहता येत नाही. मुंबई हायचे तेल १९७४ मध्ये सापडले आणि १९७६ पासून मिळू लागले. त्यामुळे ऐंशीच्या दशकात गरजेचे निम्म्याहून अधिक तेल देशातच निघत होते. पुढे वापर वाढत गेला, विहिरी म्हाताऱ्या झाल्या आणि आयातीचे प्रमाण पंचाऐंशी टक्क्यांच्या वर गेले. हे तेल मुख्यतः डॉलर मोजून आणावे लागते. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेला तेव्हा येथे तेल आणखी महागले, ते त्यामुळेच.

वाटेतील जकातनाके

येथवरची कारणे कोणत्याही सरकारच्या हातातील नाहीत. पुढची मात्र आहेत. २०१३-१४ मध्ये भारतासाठी कच्च्या तेलाचा सरासरी भाव १०५ डॉलर होता. त्या वेळच्या विनिमय दराने ते लिटरला सुमारे ४० रुपये पडत होते आणि मुंबईत पेट्रोल ८० रुपयांच्या आसपास होते. २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हा कच्चे तेल लिटरला सुमारे ३१ रुपये पडत होते. माल नऊ रुपयांनी उतरला आणि विक्रीचा भाव वीस रुपयांनी चढला.

मधल्या काळात काय झाले, हे गुपित नाही. २०१४ मध्ये पेट्रोलवर केंद्राचा अबकारी कर लिटरमागे ९.४८ रुपये होता. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात तो नऊ वेळा वाढविण्यात आला आणि मे २०२० मध्ये तो ३२.९८ रुपयांवर गेला. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मधील दोन कपातींनंतरही तो १९.९० रुपये, म्हणजे २०१४ च्या दुपटीहून अधिकच, राहिला. शिवाय मे २०२० मधील वाढ उपकर आणि विशेष जादा कराच्या रूपाने झाली. अशा रकमेत राज्यांचा वाटा नसतो.

राज्ये तरी कोठे मागे होती? महाराष्ट्राने २०१५ च्या दुष्काळात पेट्रोलवर दोन रुपये अधिभार लावला. महामार्गांलगतच्या मद्यविक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हा बुडालेला महसूल भरून काढण्यासाठी एप्रिल २०१७ मध्ये आणखी तीन रुपये चढविले. पाऊस पडो न पडो, दारू विकली जावो न जावो, भरपाई वाहनधारकाने करायची! परभणीत पेट्रोल राज्यात सर्वात महाग असल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. मनमाडजवळच्या पानेवाडीहून शेकडो किलोमीटर टँकर यावा लागतो, हे तिचे कारण आहे. पण वाहतुकीचा खर्च लिटरमागे काही रुपयांचा. खरा बोजा कराचा असतो.

ही सवय कोणा एका पक्षाची नाही. १९८६ च्या आरंभी जागतिक भाव कोसळत असतानाच तेव्हाच्या केंद्र सरकारने पेट्रोलजन्य पदार्थांचे भाव वाढविले होते आणि देशभर निषेध झाल्यावर ती वाढ अंशतः मागे घेतली होती. पक्ष बदलले, तिजोरीचा स्वभाव बदलला नाही.

बाजार, पण सोयीपुरता

जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले. १६ जून २०१७ पासून देशभर रोज नवा भाव ठरू लागला. बाजार जे सांगेल तो भाव, असे तत्त्व जाहीर झाले. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ असे साडेचार महिने कंपन्यांनी भावाला हात लावला नाही. या काळात पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुका झाल्या आणि युक्रेनमधील युद्धामुळे तेल शंभर डॉलरच्या पुढे गेले. निकाल लागल्यावर २२ मार्चपासून सोळा दिवसांत दहा रुपये वाढले. १५ मार्च २०२४ रोजी दोन रुपयांची कपात झाली. दुसऱ्या दिवशी लोकसभा निवडणुकीचे वेळापत्रक जाहीर झाले. जो बाजार मतदानाची तारीख ओळखतो, त्याला मुक्त म्हणणे कठीण आहे.

सरकारची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. पेट्रोल स्वस्त ठेवणे हे फुकटचे पुण्य नव्हे. २००५ ते २०१० या काळात भाव दाबून धरण्यासाठी तेल कंपन्यांना सव्वा लाख कोटी रुपयांहून अधिक किमतीचे रोखे देण्यात आले. त्यांच्या परतफेडीची मुदत २०२६ पर्यंत लांबलेली होती. म्हणजे एका पिढीने जाळलेल्या तेलाचे पैसे दुसरीने भरायचे. आयातीवर जगणाऱ्या देशाने इंधनावर कर लावावा, उधळपट्टी रोखावी, त्यातून रस्ते बांधावेत, यातही गैर काही नाही. महासाथीच्या काळात सरकारला पैशाची निकड होती, हेही नाकारता येणार नाही.

पण कर आकारणे वेगळे आणि प्रत्येक उतार गिळून टाकणे वेगळे. अमेरिकेत केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंट एवढाच आहे. म्हणून तेथे भाव चढतो तसा उतरतोही. आपल्याकडे चढण ग्राहकाच्या वाट्याला येते आणि उतार तिजोरीच्या. याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. डिझेल ट्रकमध्ये जाते, एसटीत जाते, शेतातील पंपात जाते. एकदा वाढलेले भाडे व भाजीचे दर पुन्हा खाली येत नाहीत. प्राप्तिकर मिळकत पाहून आकारला जातो; पेट्रोलवरचा कर मात्र दुचाकीवर शाळेत जाणाऱ्या शिक्षकाला आणि कारखानदाराच्या मोटारीला लिटरमागे एकच असतो.

मागणी स्वस्त पेट्रोलची नको, नियमाची हवी. तेल अमुक भावाच्या खाली गेले तर कर किती वाढेल आणि अमुक भावाच्या वर गेले तर किती घटेल, याचे कोष्टक संसदेत व विधिमंडळात एकदा मंजूर व्हावे आणि मग ते निवडणूक असो वा नसो, पाळले जावे. स्वस्ताईच्या वर्षांत जमलेला पैसा महागाईच्या वर्षांसाठी वेगळा ठेवावा. पंपावर भावाच्या पाटीशेजारी कच्चे तेल, शुद्धीकरण, वाहतूक, वितरकाचे कमिशन, केंद्राचा कर आणि राज्याचा कर असे सहा आकडे लिहावेत. युद्धे थांबविणे कोणाच्या हाती नाही. एक पाटी लावणे मात्र सरकारच्या हाती नक्कीच आहे.