मुंबई-आग्रा रस्त्यावरची छपरं

मुंबईहून आग्र्याला जाणारा सुमारे ११६० किलोमीटरचा जुना महामार्ग आपल्यापैकी अनेकांनी थोडातरी पाहिलेला असतो. या रस्त्याने जाताना घरांच्या छपरांकडे लक्ष दिलं, तर भूगोलाचे दोन धडे आपोआप होतात: एक पावसाचा, दुसरा खडकांचा.

आधी पाऊस पाहू. कसारा घाटाच्या परिसरात जुन्या घरांची छपरं चांगली उतरती आणि कौलारू. इगतपुरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. छपरावर पाणी थांबून चालणारच नाही. तिथून जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या नाशिकला पाऊस उरतो ७०० मिलिमीटरच्या आसपास, कारण ढगांतलं बरंचसं पाणी सह्याद्रीवरच सांडलेलं असतं. पुढे धुळ्याकडे तो आणखी कमी होतो आणि सपाट धाब्याची घरं दिसू लागतात. लाकडी तुळया, त्यांवर काड्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. शेतातली काळी माती इथे का चालत नाही? ती ओली झाली की फुगते आणि वाळली की तडकते. पांढरी माती इतकी भेगाळत नाही.

आता खडक. मुंबईपासून थेट गुण्यापर्यंत मुख्यतः काळा बेसॉल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. नाशिकची पांडवलेणी याच खडकात कोरलेली आहेत आणि काळाराम मंदिरही काळ्या दगडाचंच आहे. हा दगड कठीण आणि टिकाऊ, पण त्याच्या लांब-रुंद पातळ फरश्या सहजी निघत नाहीत. म्हणून भिंती दगडाच्या, तरी सामान्य घराचं छप्पर लाकूड, माती किंवा कौलांचं.

शिवपुरी-ग्वाल्हेरकडे मात्र विंध्य गटातला वालुकाश्म लागतो. पाण्याखाली वाळूचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. त्यामुळे तो थराथराने सुटतो आणि त्याच्या मोठ्या फरश्या काढता येतात. म्हणून तिथे छप्परसुद्धा दगडी फरश्यांचं! कोरायलाही तो सोपा. ग्वाल्हेरच्या मुहम्मद घौस यांच्या कबरीवरच्या नाजूक जाळ्या आणि आग्र्याचा लाल किल्ला, दोन्ही वालुकाश्माचेच.

आज या साऱ्या रस्त्यावर एकच छप्पर वाढतं आहे: सिमेंटचा स्लॅब. त्याला कारणंही आहेत. धाब्यावर दरवर्षी माती घालावी लागते, लाकूड महाग झालं आहे, आणि स्लॅबवर पुढे मजला चढवता येतो. पण घाटात तोच स्लॅब गळतो, म्हणून त्यावर पत्र्याची शेड येते. खानदेशात चार-पाच इंची स्लॅबमधून दुपारची उष्णता काही तासांतच खाली उतरते आणि संध्याकाळी खोली भट्टीसारखी तापते. मातीचा जाड थर उष्णतेला जास्त वेळ अडवतो आणि तिचा जोरही कमी करतो.

हे विद्यार्थ्यांना मोजून पाहता येईल. उन्हाळ्यात गावातलं एक धाब्याचं, एक कौलारू आणि एक स्लॅबचं घर निवडा. प्रत्येक घरात छपराखाली सारख्याच अंतरावर तापमापी टांगा. सकाळी ९ ते रात्री ९ दर दोन तासांनी नोंद करून आलेख काढा. कोणतं घर सर्वांत जास्त तापलं आणि किती वाजता? मग घरातल्या आजी-आजोबांना विचारा, पूर्वीचं छप्पर कसलं होतं आणि ते का बदललं. आलेख आणि ही उत्तरं शेजारी ठेवून वर्गात चर्चा करा: नवं घर बांधताना जुन्यातलं काय ठेवता येईल?