गावकुसाबाहेरचा माणूस आणि राजधानी

महानगरात आलेल्या माणसाला परके वाटते, हा विषय मराठी साहित्यात पुष्कळ गिरवला गेला आहे. गर्दीत कोणी कोणाला ओळखत नाही, शेजाऱ्याला शेजाऱ्याचे नाव माहीत नाही, माणूस यंत्र झाला आहे, अशी ही तक्रार आहे. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण ती कोणाची तक्रार आहे, हे विचारले पाहिजे. ज्याच्या मागे वाडा होता, अंगण होते, गावाने नावापुढे ‘राव’ लावून घेतलेली हाक होती, त्याचे शहरात काही हरवते. म्हणून तो हळहळतो. पण ज्याला गावाने गावकुसाबाहेर ठेवले, ज्याची पाणवठ्यापासून मसणवट्यापर्यंत सगळी जागा वेगळी केली, त्याचे काय हरवते? गावात त्याला सारेच ओळखतात. हेच तर त्याचे दुःख असते.

म्हणून दलिताचा शहरातला परकेपणा आणि मध्यमवर्गीय सवर्णाचा परकेपणा एकाच मापाने मोजता येत नाही. बाहेरचा माणूस राजधानीत येतो तेव्हा त्याला काय वाटते, या प्रश्नाचे उत्तर तो कोठून येतो यावर ठरते. लक्ष्मण माने यांच्या १९८० मधील आत्मकथनाचे नाव ‘उपरा’ आहे. उपरा होण्यासाठी शहरात यावे लागते असे नाही. आपल्याकडे माणूस जन्मगावीच उपरा असतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि राज्यघटनेने खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. या भूमिकेचा सामाजिक अर्थ असा की, व्यक्ती म्हणून जगायचे असेल तर जेथे आपली ओळख आधीच ठरवून ठेवलेली नाही, अशी जागा हवी. दलितांनी शहराकडे धाव घेतली ती केवळ पोटासाठी नव्हती.

पण शहराने ती जागा दिली काय?

राजधानी हे साधे शहर नसते. तेथे सत्ता असते, कचेरी असते, न्यायालय असते. राजधानीत शिरणे म्हणजे सत्तेच्या दाराशी जाणे. या दाराशी आपल्या माणसाचे काय झाले, याची दोन जुनी उदाहरणे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. पहिले बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांनी तरुण आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली अमेरिकेला पाठविले. करारानुसार ते १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी राजधानीत आले. पदवी होती, नोकरी होती, महाराजांचा पाठिंबा होता. नव्हती ती राहायला जागा. अखेर पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही वेगवेगळ्या सबबी सांगून टाळले. मुंबईच्या गाडीला अवकाश होता. तो वेळ त्यांनी कमाटीबागेत बसून काढला.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. शाहू महाराजांनी आपल्या राजधानीत १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहतील असे पाहिले. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ सालचे. गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढण्यास त्यांनी मदत केली आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. आपल्याबरोबरच्या सवर्णांनाही घ्यायला लावला.

दोन्ही राजे पुरोगामी होते. एकाची तुलना करून दुसऱ्याला कमी लेखण्याचा हेतू नाही. पण फरक समजून घेतला पाहिजे. बडोद्याने शिष्यवृत्ती दिली. कोल्हापूरने शिष्यवृत्तीबरोबर खोलीही दिली. शिष्यवृत्ती माणसाला राजधानीच्या वेशीपर्यंत आणते. रात्री डोके टेकायला छप्पर नसेल तर तीच राजधानी त्याला परत गाडीत बसवते. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी हा मुद्दा जुना झालेला नाही.

आता मुंबईकडे वळू. ती १९६० पासून महाराष्ट्राची राजधानी आहे, पण आपल्या माणसांची राजधानी त्याआधी कितीतरी वर्षे होती. कोकणातून आणि देशावरून लोक गोदीत, रेल्वेत, सफाई खात्यात, गिरणीत आले. रस्त्यावर आणि ट्राममध्ये कोणी जात विचारत नव्हते. हा अनुभव लहान नव्हे. ज्याने गावात सावलीसुद्धा सांभाळून टाकली, तो खांद्याला खांदा लावून उभा राहतो, त्याच्या मनात काय होत असेल! गर्दीने त्याला एकटे केले नाही, मोकळे केले.

हा मोकळेपणा गिरणीच्या दाराशी मात्र थांबला. गिरणीतले साचाखाते, म्हणजे विणकामाचे खाते, अधिक पगाराचे. तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण असे की, कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. यंत्र आले की जात जाईल, असे मानणाऱ्यांनी हा धोटा विसरू नये. जातीने यंत्रातही आपली जागा शोधली, आणि ती नेमकी जास्त मजुरीच्या ठिकाणी.

तीच गोष्ट राहण्याची. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे १९२० च्या दशकात सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. एका खोलीत एक कुटुंब, कधी एका खोलीत एका गावचे दहा-पंधरा गडी. आपले लोक ठरावीक चाळींत एकवटले. त्यातून जलसे निघाले, मंडळे निघाली, चळवळ उभी राहिली. म्हणजे वेगळे पाडल्याचा आपण उपयोग करून घेतला. पण वेगळे पाडले होते, हे खरेच. जानेवारी १९७४ मध्ये वरळीला दंगल पेटली तेव्हा चाळी-चाळींमधली रेघ उघडी पडली. १० जानेवारीच्या मोर्चावर वरून दगड आला आणि भागवत जाधव हा तरुण मरण पावला. चाळीस-पन्नास वर्षे एका नळावर पाणी भरूनही आपण त्या शहरात बाहेरचेच होतो काय, असा प्रश्न त्या पिढीला पडला.

दलित साहित्याने हीच दुहेरी जाणीव मांडली. बाबुराव बागुलांच्या १९६३ मधील ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत शहर मुंबई नाही, पण प्रश्न तोच आहे: खोलीसाठी जात लपवावी लागते. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) गावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना समोरासमोर येतात. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून चालत मुंबईला आले आणि त्यांनी गिरणगावाची, झोपडपट्टीची भाषा लेखणीत आणली. नामदेव ढसाळ आपल्या खेड तालुक्यातील पूरचे. चाकणची कारखानदारी आज ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातला हा मुलगा लहानपणी कामाठीपुऱ्याच्या परिसरात गेला आणि ‘गोलपिठा’ने मराठी कवितेला राजधानीचा झाकलेला भाग पाहायला लावले. यांच्यापैकी कोणीही शहराला केवळ शिव्या दिलेल्या नाहीत आणि केवळ ओवाळलेलेही नाही. शहरावर त्यांनी हक्क सांगितला.

देहूरोडहून हे सारे थोडे वेगळे दिसते, म्हणून त्याविषयी लिहिणे भाग आहे. आमचे गाव मुळात पाहुण्यांचेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्करी डेपो वाढले, पुढे कॅन्टोन्मेंट झाले. कामासाठी मराठवाड्यातून, नगर-सोलापूरकडून, तमिळ, तेलुगू, मल्याळी मुलखातून माणसे आली. येथे जुना वाडाही नाही आणि पाटलाची चावडीही नाही. माझ्या वडिलांसारखे कित्येक जण डेपोत हमाल, मजूर म्हणून लागले आणि महिन्याच्या ठरावीक पगारावर त्यांनी मुले शिकविली. गावकीच्या बलुत्याऐवजी सरकारी पगार, हा बदल एका पिढीत घडला. नंतर शेजारी पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग खाजगी कारखाने आले.

आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मूर्ती रंगूनहून आलेली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही घटना आहे. हे काम दिल्लीत किंवा मुंबईत झाले असते तर नवल नव्हते. ते झाले लष्करी डेपोच्या गावी, जेथे सगळेच बाहेरचे होते. दर वर्षी २५ डिसेंबरला लोक येथे येतात, तेव्हा आमची बाहेरून आलेली माणसे यजमान होतात. आल्या-गेल्याला पाणी देतात, चपला सांभाळतात, रस्ता दाखवतात. परकेपणा जातो तो असा. कोणी आपल्याला आत घेतल्याने तो पुरता जात नाही. दुसऱ्याला आत घेण्याचा अधिकार हाती आला की जातो.

हीच गोष्ट ६ डिसेंबरला मुंबईत मोठ्या प्रमाणावर घडते. बाबासाहेब अखेरची वर्षे दिल्लीत राहिले. २६, अलीपूर रोड येथे १९५६ साली त्यांचे परिनिर्वाण झाले. त्यांचा देह मात्र देशाच्या राजधानीतून मुंबईला आणला गेला आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून लाखो लोक तेथे येतात. त्यांतील कित्येकांनी मुंबई पहिल्यांदा पाहिली ती याच दिवशी. म्हातारी माणसे भाकरी बांधून येतात, शिवाजी पार्कवर झोपतात, तासन् तास रांगेत उभी राहतात आणि परत जाताना पुस्तक घेऊन जातात. ज्या बाईला स्वतःला वाचता येत नाही, तीसुद्धा नातवासाठी पुस्तक घेते. राजधानी पाहायला आलेला प्रवासी उंच इमारती पाहतो. ही माणसे राजधानी पाहायला आलेली नसतात. आपल्या माणसाकडे आलेली असतात. म्हणून त्या दिवशी त्यांना दबकल्यासारखे होत नाही. उलट त्या दिवशी शहरातलेच काही लोक दारे लावून घेतात आणि कचऱ्याची व फुकट प्रवासाची चर्चा करतात. त्या दिवशी परके कोणाला वाटते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण वर्षाचे उरलेले दिवस? माझ्यापुढे बसणारी मुले ७ डिसेंबरनंतरच्या मुंबईविषयी विचारतात. “सर, नंबर लागला, पण राहायचं कुठं?” हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. देहूरोडला लोकल थांबते, मुंबईच्या बहुतेक गाड्या थांबत नाहीत. त्या चिंचवडला किंवा लोणावळ्याला जाऊन गाठाव्या लागतात. ही अडचण एका तासाची आहे. खोलीची अडचण तशी नाही. घरमालक जात विचारत नाही, आडनाव विचारतो. गाव विचारतो, जेवणात काय खाता ते विचारतो, भिंतीवर कोणाचा फोटो लावणार याचा अंदाज घेतो, आणि मग ‘खोली कालच गेली’ म्हणतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. आडनावावरून दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नाकारले जाते, हे त्यांनी प्रत्यक्ष चाचणीने दाखविले. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. परंतु जो कारणच सांगत नाही त्याला कायद्याने पकडणे अवघड असते. बडोद्यात काठ्या होत्या. येथे काठ्यांची गरज उरलेली नाही.

शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू केली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मदत मिळते. विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा, अशी अट आहे. म्हणजे ‘बाहेरचा’ असणे ही येथे पात्रता ठरली, हे चांगलेच झाले. योजना सुरू झाली तेव्हा मुंबईसारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरविण्यात आले. त्यांत राहण्यासाठी २०,०००. महिन्याला सतराशे रुपयांहूनही कमी. मुंबईत एवढ्या पैशांत खोली सोडाच, खाट मिळणे कठीण. शिवाय रक्कम उशिरा हाती पडते, ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार. पैसा हवाच, पण पैशाने आडनाव बदलत नाही. ज्या मालकाला द्यायचे नाही, तो दुप्पट भाड्यालाही देणार नाही. यासाठी वसतिगृहाला पर्याय नाही.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे सोलापूरचे वसतिगृह. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेथे नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. माणूस कोठे झोपेल आणि कोणत्या वेळी शिकेल, याचा विचार त्या चळवळीत आधी झाला होता. आपल्या आजच्या कार्यक्रमांत तो किती होतो? जयंतीच्या मंडपावर होणाऱ्या खर्चाचा हिशेब येथे मांडत नाही. प्रत्येक मंडळाला तो माहीत आहे. पण मुंबईत आणि पुण्यात स्थिरावलेल्या आपल्या नोकरदार माणसांनी तालुक्याच्या नावाने चार खोल्या घेतल्या, शिक्षकांनी प्रवेशाच्या आधी राहण्याचा पत्ता मुलाच्या हाती दिला, कार्यकर्त्यांनी खोली नाकारल्याच्या तारखा आणि तपशील लिहून ठेवायला सुरुवात केली, तर पुष्कळ होईल. लिहिलेल्या तक्रारीतून पुरावा उभा राहतो. ऐकून सोडून दिलेल्या तक्रारीतून फक्त कडवटपणा.

मुलांना मी आजही शहरात जा, असेच सांगतो. खेड्याविषयी बाबासाहेबांनी जे म्हटले ते बदलण्यासारखे फारसे काही घडलेले नाही. पण शहरात जा म्हणणाऱ्याने तेथे जागेचीही सोय पाहिली पाहिजे. अठरा वर्षांच्या मुलीला एकटीला राजधानीत पाठवून, आता तू लढ, असे म्हणणे हे मार्गदर्शन नव्हे. आपल्या आजोबांनी चाळीतल्या एका खोलीत गावच्या पंधरा जणांना सामावून घेतले होते. आपली घरे त्या खोलीपेक्षा मोठी आहेत.