राहून गेलेली क्षमापना

संवत्सरीचे प्रतिक्रमण आटोपले की माझी धाकटी बहीण बेबी सासरहून दूरध्वनीवर मला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत असे. यंदा ते शब्द कानी पडणार नाहीत.

गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध हे आमचे आजोळ. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेल्या तेथील विस्तीर्ण तलावात ती पोहायला शिकली. १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या पहिल्या आशियाई महिला आरती साहा यांचे जुन्या मासिकातील छायाचित्र तिने कपाटाच्या दाराआड चिकटवले होते. त्या १६ तास २० मिनिटे पाण्यात होत्या, हे ती अभिमानाने सांगे.

पाणी गाळून पिणाऱ्या आमच्या घराला हे मानवणारे नव्हते. अप्काय जीवांची विराधना होते, असे आजी म्हणे. बेबीने वाद घातला नाही. तलाव तुडुंब भरे त्या चातुर्मासातच पाण्यात न उतरण्याचा नियम तिने स्वतःहून घेतला.

सोयरिकीच्या बैठकीत पाहुण्यांनी विचारले, "मुलगी अजून तलावात पोहते?" ती बोलणार तोच मी म्हणालो, "छे, ते केव्हाच सुटले." सोयरीक जमली. भावाचा शब्द खोटा ठरू नये म्हणून ती पुन्हा कधी पोहली नाही. आजोळी आली की बांधावर बसून नुसती पाहत राही.

चार महिन्यांचा त्याग तिने आनंदाने केला होता. जन्मभराचा मी लादला. दरवर्षी क्षमा मागताना या दोषाचे नाव मात्र मी घेतले नाही. नाव न घेता मागितलेली क्षमा अपुरीच. आज ते घेतो. बेबी, मिच्छामि दुक्कडम्.