पूर्वपक्ष आणि प्रतिवाद : व्हॅन गॉगच्या बुटांविषयीचा एक विद्वद्वाद

आधुनिक कलेच्या इतिहासातील एखाद्या विद्वत्तापूर्ण लेखावर टीकात्मक अभिप्राय लिहिताना विद्यार्थ्याकडून बहुधा दोन प्रमाद घडतात. एक तर तो मूळ लेखाचा सारांश देऊन थांबतो, किंवा केवळ स्वतःची अनुकूलता-प्रतिकूलता नोंदवितो. आपल्या शास्त्रग्रंथांत उत्तरपक्ष मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडण्याची रीत आहे. ह्या रीतीचे मर्म एका प्रसिद्ध वादाच्या आधारे पाहता येते.

जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी १९३५-३६ मध्ये कलाकृतीच्या उगमाविषयी व्याख्याने दिली. ती १९५० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत व्हॅन गॉगच्या बुटांच्या एका चित्राचा दाखला आहे. हे बूट शेतकरी स्त्रीचे आहेत असे गृहीत धरून हायडेगरांनी त्यांतून तिचे कष्ट, तिची चिंता आणि भूमीशी असलेले तिचे नाते उलगडून दाखविले. त्यांचे प्रमेय असे : नित्य वापरातील वस्तूचे स्वरूप वापरणाऱ्याच्या ध्यानी येत नाही, कलाकृती ते प्रकट करते, म्हणून कलाकृतीत सत्य अवतरते. हा झाला पूर्वपक्ष.

कोलंबिया विद्यापीठातील कलेतिहासकार मेयर शपिरो यांनी १९६८ मध्ये त्यास उत्तर दिले. त्यांनी प्रथम एक साधा प्रश्न विचारला : हे चित्र कोणते? व्हॅन गॉगने बुटांची एकाहून अधिक चित्रे रंगविली आहेत. शपिरोंनी स्वतः हायडेगरांस पत्र लिहून विचारणा केली, तेव्हा ते चित्र १९३० मध्ये ॲमस्टरडॅम येथील प्रदर्शनात पाहिल्याचे उत्तर आले. त्यावरून व चित्रांच्या सूचीवरून शपिरोंनी १८८६ मधील चित्र निश्चित केले. त्या वेळी व्हॅन गॉग पॅरिस नगरीत राहत होता. तेव्हा हे बूट शेतकरी स्त्रीचे नसून खुद्द चित्रकाराचे आहेत आणि हायडेगरांनी स्वतःच्याच कल्पना चित्रावर लादल्या आहेत, असा निष्कर्ष शपिरोंनी काढला.

येथे अभिप्रायलेखकाची खरी कसोटी लागते. बुटांच्या मालकीविषयीचे विधान ढासळले म्हणजे मूळ प्रमेयही ढासळते काय? वापराच्या वस्तूविषयीचा सामान्य विचार नगरवासीयाच्या बुटांनाही लागू करता येईल. तेवढ्यापुरता तो अबाधित राहतो. परंतु हे सर्व प्रत्यक्ष चित्रानेच सांगितले, असा हायडेगरांचा दावा होता, आणि तो मात्र टिकत नाही. विशेष म्हणजे बुटांभोवती काहीच नाही, त्यांना मातीही चिकटलेली नाही, हे हायडेगरांनी स्वतःच नमूद केले आहे. प्रतिवादाचे एक उत्तम साधन अशा रीतीने मूळ लेखातच असते. त्यासाठी तो लेख सावकाश वाचावा लागतो.

उत्तरपक्षही परीक्षेतून सुटत नाही. १९७८ मध्ये फ्रेंच तत्त्ववेत्ते झाक देरिदा यांनी दोन्ही पक्षांना एकच प्रश्न विचारला : बूट कोणाला तरी परत करण्याची ही घाई कशासाठी? ते एकाच जोडीतील आहेत हे तरी कशावरून? चित्रकार पॅरिसमध्ये होता, एवढ्यावरून बूट त्याचेच ठरत नाहीत. त्याचा सहाध्यायी फ्रांस्वा गोझी याच्या आठवणीनुसार, व्हॅन गॉगने जुन्या बाजारातून जाडजूड बूट विकत घेतले, पावसाळी दिवशी ते घालून तो हिंडला आणि मग त्यांचे चित्र काढले. ही आठवण त्याच बुटांविषयी असल्यास ‘स्वतःचे’ हा शब्दही जपून वापरावा लागेल. कारण ते आधी दुसऱ्या कोणी झिजविलेले असणार. शपिरो १९९४ मध्ये पुन्हा ह्या प्रश्नाकडे वळले, यावरून त्यांनाही तो मिटलेला वाटत नव्हता असे दिसते.

सारांश, टीकात्मक अभिप्रायाने मूळ लेखकास मान्य होईल अशा शब्दांत त्याचे म्हणणे मांडावे, चर्चेतील कलाकृती नेमकी कोणती हे ठरवावे, दोष दाखविल्यावर त्यामुळे युक्तिवादाचा किती भाग कोसळतो आणि किती उभा राहतो हे सांगावे, आणि अखेरीस तीच कसोटी स्वतःच्या विधानांस लावावी. यांतील शेवटची पायरीच बहुधा गाळली जाते. ह्या वादात ती शपिरोंसारख्या साक्षेपी अभ्यासकालाही कठीण गेली.