दहा-बारा जणांची जबाबदारी

रविवारच्या उपासनेला दोन-अडीचशे माणसं जमतात. मागच्या बाकावरची बाई रात्रभर जागी होती, हे पाळकसाहेबांना कळायला काही मार्ग नसतो. गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी दहा-बारा जण सतरंजीवर बसले की ते आल्या-आल्या कळतं. आम्ही नगरचे ख्रिस्ती लोक याला कॉटेज प्रार्थना म्हणतो. पेटीवर 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातलं एखादं गीत होतं, पुष्कळदा रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. मग शास्त्रपाठ, त्यावर बोलणं, कुणाची साक्ष, प्रार्थनेच्या विनंत्या, प्रभूची प्रार्थना आणि चहा.

मी शिक्षिका आहे. आमच्या भागातल्या गटाची धुरा मंडळीनं माझ्याकडे दिली आहे. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही आणि या कामाला ती लागतही नाही. पहिल्या शतकातले ख्रिस्ती लोक घरांतच जमायचे. अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी भरणाऱ्या मंडळीचा उल्लेख पौलाच्या पत्रांत आहे.

पुढारी नेमून असे गट बांधायची एक मोठी सुरुवात मात्र कर्जातून झाली. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर सभागृहाचं कर्ज होतं. दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायची आणि बारा-बारा जणांमागे एक पुढारी नेमायचा, असं ठरलं. पुढारी पैशांसाठी घरोघर फिरू लागले आणि कुणाचं घरात पटत नाही, कोण दारूकडे परत वळला आहे, हे त्यांच्या कानावर येऊ लागलं. वेस्लींनी यातलं मोल ओळखलं. पुढे घरोघर फिरण्याऐवजी ते बारा जण दर आठवड्याला एकत्र बसू लागले. हे पुढारी साधे कामकरी लोक होते. पुढे स्त्रियाही ही जबाबदारी घेऊ लागल्या. पेनी गोळा करणाऱ्याचं खरं काम विचारपूस करण्याचं ठरलं. मला माझं काम तेच वाटतं.

अडचणी इथूनच सुरू होतात. प्रत्येक गटात एक जण असा असतो की, त्याला वचनातलं सगळं माहीत असतं आणि त्याचं बोलणं संपत नाही. त्याला थोपवलं नाही तर बाकीचे गप्प होतात. चारचौघांत थोपवलं तर तो यायचा थांबतो. मी सभेआधी त्याला बाजूला घेते आणि सांगते, "दादा, आज आधी कोपऱ्यातल्यांना बोलू द्या." आमच्यात बँकेतले निवृत्त साहेब आहेत आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशीही आहेत. पाळीपाळीनं वाचायची पद्धत मी बंद केली, कारण अक्षरओळख नसलेल्यांची पाळी आली की त्यांची मान खाली जायची. आता एकच जण उतारा दोनदा वाचतो आणि सगळे ऐकतात. मावशी त्यावर जे बोलतात, ते पुष्कळदा आम्हा शिकलेल्यांना सुचलेलं नसतं.

सर्वांत अवघड असतात प्रार्थनेच्या विनंत्या. मुलीचं लग्न मोडलं, मुलाची नोकरी गेली, नवरा हात उगारतो. गुरुवारी डोळे पुसत सांगितलेली गोष्ट रविवारी चर्चच्या फाटकात 'तिच्यासाठी प्रार्थना करा हं' म्हणत फिरू लागली, तर ती बाई पुन्हा तोंड उघडत नाही. म्हणून पाळकसाहेबांना काही सांगायचं असेल, तरी मी आधी त्या माणसाला विचारते. जिवाला किंवा लेकराला धोका असेल, तिथे मात्र गुप्ततेच्या नावाखाली गप्प बसणं पाप आहे. तिथे मदत आणावीच लागते. कुणाला आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रार्थना करायची आणि डॉक्टरकडेही सोबत जायचं.

हिटलरच्या काळात दीट्रिख बोनहोफर हे जर्मन पाळक फिंकनवाल्डे इथल्या शाळेत तरुण पाळकांना एकत्र राहून घडवत होते. १९३७ साली गेस्टापोनं ती शाळा बंद केली. त्या सहजीवनावरच्या पुस्तकात त्यांनी एकमेकांचं ऐकून घेणं ही मोठी सेवा मानली आहे. मला ते पटतं, आणि ते किती थकवतं हेही मी अनुभवते. दहा घरांची दुःखं एकट्यानं वाहता येत नाहीत. म्हणून दुसऱ्या भागातल्या गटाच्या ताईंशी मी कुणाचं नाव न घेता माझ्या मनावरचं ओझं बोलते.

गट वाढला, खोली पुरेनाशी झाली की दोन गट करावे लागतात. जीव लागलेल्या माणसांना ते आवडत नाही. पण पंचवीस जणांत पुन्हा कुणीतरी मागच्या बाकावर जाऊन बसतं. त्या वेळी नवा पुढारी तयार हवा. मंडळीनं तो निवडताना त्याचा गळा गोड आहे का, वचनं किती पाठ आहेत, हे जरूर पाहावं; पण त्याआधी त्याच्या पोटात गोष्ट राहते का, ते पाहावं.