चालणें : पायांचें कीं मनाचें?

चालतां चालतां बोलणें ही गोष्ट आपणांस इतकी सोपी वाटते कीं, तींत कांहीं विशेष आहे हें आपल्या ध्यानींही येत नाहीं. शाळेच्या वाटेवर आपण मित्राशीं गप्पा मारतों, दगड चुकवितों, डबकें ओलांडतों. पाय आपलें काम मुकाट्यानें करीत असतात. कंपवात झालेल्या मनुष्याची स्थिति मात्र निराळी असते. लंडन येथील जेम्स पार्किन्सन या वैद्यानें १८१७ सालीं ज्याचें वर्णन केलें, तोच हा रोग होय. यांत मेंदूच्या एका भागांतील डोपामिन नांवाचें द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. त्यामुळें जी हालचाल पूर्वीं आपोआप होई, तिजकडे आतां मुद्दाम लक्ष पुरवावें लागतें. असा मनुष्य चालत असतां कोणी त्यास प्रश्न विचारला कीं, लक्ष दुभागतें, पाऊल आखूड पडतें आणि कित्येकदां तोल जातो.

यावर पायांस व्यायाम देणें हा एक उपाय आहे. परंतु सपाट जागीं चालून अडथळा चुकविण्याची संवय कशी व्हावी? बरें, खराच दगड वाटेंत ठेवावा, तर हाड मोडण्याचें भय! ही अडचण आभासी सृष्टीच्या साह्यानें दूर करितां येते. रोगी सरकत्या पट्ट्यावर चालतो. समोरच्या मोठ्या पडद्यावर रस्ता दिसतो. कॅमेरा त्याच्या पावलांची हालचाल टिपून ती पडद्यावर उमटवितो. वाटेंत अडथळे येतात, मार्ग निवडावा लागतो, लक्ष विचलित करणारीं दृश्यें दिसतात. पाऊल पुरेसें उंच उचललें नाहीं, तर ठेंच लागते ती केवळ चित्रांतल्या पायास.

याचा खरोखर उपयोग होतो काय? बेल्जम, इस्रायल, इटली, नेदरलंड्स व ब्रिटन या पांच देशांत याची परीक्षा झाली. तिचा वृत्तांत २०१६ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. वारंवार पडणारे, ६० ते ९० वर्षें वयाचे ३०२ स्त्रीपुरुष तींत घेतले होते. त्यांत कंपवाताचे रोगीही पुष्कळ होते. एक गट नुसत्या पट्ट्यावर चाले, दुसरा पडद्यावरील रस्ता पाहत चाले. आठवड्यांतून तीनदां, सुमारें ४५ मिनिटें, असा सहा आठवडे क्रम चालला. पुढील सहा महिन्यांत दुसऱ्या गटाचें पडण्याचें प्रमाण माणशीं सरासरी सुमारें १२ वेळांवरून ६ वर आलें. पहिल्या गटाचें सुमारें ११ वरून ८ वर आलें, आणि हा फरक निश्चित म्हणण्याजोगा ठरला नाहीं.

चालणें उभय गटांस सारखेंच घडलें. दुसऱ्यास अधिक मिळालें तें मनाचें शिक्षण. या शिक्षणानें रोग नाहींसा होत नाहीं, हें खरें. तथापि पडण्याच्या भीतीनें ज्यानें अंगणांत जाणें सोडलें आहे, त्यास निम्मीं पडणीं टळणें ही थोडी गोष्ट नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, असा पडदा प्रत्येक घरीं असणें शक्य नाहीं. पण त्यानें शिकविलेला धडा प्रत्येकास पाळतां येईल. घरांतील वृद्ध आजोबा उंबरठा ओलांडीत असतां त्यांस मागून हांक मारूं नये. त्यांचें दुसरें पाऊल नीट टेकूं द्यावें, आणि मग बोलावें.