आडव्या छातीची सावली

जबलपूरजवळच्या बरगी धरणात पाणी किती आहे, हे कसं कळतं? जलाशय पूर्ण भरला की पातळी ४२२.७६ मीटरवर पोचते. ही पातळी वाचायची तर पाण्याकडे बाजूनंच बघावं लागतं. समजा, हेलिकॉप्टरमधून सरळ खाली पाहिलं. चकाकणारा अफाट विस्तार दिसेल, पण खोली? ती वरून कशी कळणार?

आयसीयूतल्या डॉक्टरांपुढे रोज हाच पेच असतो.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक्स-रेच्या खोलीत नेणं धोक्याचं, म्हणून चाकांवरचं मशीनच खाटेपाशी येतं. पाठीखाली प्लेट सरकवायची आणि वरून किरण सोडायचे. हाती येते ती छातीची सावली. आणि सावलीचे खेळ तर आपण लहानपणीच पाहिलेत! हात भिंतीपासून दूर, दिव्याजवळ नेला की त्याची सावली केवढी फुगते!

हृदयाचंही तसंच होतं. ते छातीत पुढच्या बाजूला असतं. एरवी पेशंट प्लेटला छाती टेकवून उभा राहतो, किरण पाठीमागून, सुमारे १८० सेंटिमीटरवरून येतात. खाटेवर सगळं उलटं: प्लेट पाठीशी आणि मशीन जेमतेम १०० सेंटिमीटरवर. मग ठणठणीत हृदयसुद्धा मोठं दिसतं!

आता पाण्याचं पाहा. माणूस उभा असेल तर फुप्फुसाभोवतालचं पाणी तळाशी साचतं. साधारण २०० मिलिलिटर साचलं की बरगड्या आणि श्वासपटल यांच्यामधला टोकदार कोपरा बोथट होतो, आणि पाणी ओळखता येतं. तोच माणूस आडवा झाला की तेच पाणी पाठीच्या बाजूला पसरतं. फिल्मवर उरतं फक्त विरळ धुकं. बरगीचा जलाशय वरून पाहिल्यासारखंच!

फुप्फुसाबाहेर निसटलेली हवा याच्या उलट वागते. ती वर, म्हणजे छातीच्या पुढच्या भागात जमते. कधी कधी तिचा एकच पुरावा सापडतो: तो खालचा कोपरा नेहमीपेक्षा खोल आणि काळा दिसतो.

फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००४ साली फुप्फुसं गंभीर निकामी झालेल्या ३२ रुग्णांच्या तपासण्या सीटी स्कॅनशी ताडून पाहिल्या. छातीतल्या पाण्याबाबत खाटेवरचा एक्स-रे ४७ टक्के वेळा बरोबर ठरला, साधा स्टेथोस्कोप ६१ टक्के, आणि सोनोग्राफी तब्बल ९३ टक्के! सोनोग्राफीची जादू कशात? तिचा प्रोब बरगड्यांच्या बाजूला टेकवता येतो आणि पाण्याची खोली थेट दिसते. धरणाची पातळी वाचावी तशी.

मग एक्स-रे बंदच करायचा? छे! श्वासनलिकेतल्या नळीचं टोक नेमकं कुठे आहे, हे तो एका नजरेत दाखवतो. त्यातही एक नवल आहे. पेशंटची हनुवटी छातीकडे झुकली, तर नळी सुमारे दोन सेंटिमीटर खाली सरकते, मान मागे गेली तर तेवढीच वर! म्हणून फिल्म वाचताना मानेची ठेवणही पाहावी लागते.

रोज उठून एक्स-रे काढायलाच हवा, असंही नाही. फ्रान्समधल्याच २१ आयसीयूंच्या २००९ सालच्या अभ्यासात गरजेपुरतेच एक्स-रे काढले, तेव्हा त्यांची संख्या जवळपास एक तृतीयांशानं घटली आणि रुग्णांचं काही बिघडलं नाही.

फिल्मच्या कोपऱ्यात ‘पोर्टेबल, सुपाइन’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. म्हणजे खाटेवर, उताणं. जाणकार डॉक्टर फुप्फुसांआधी ते दोन शब्द वाचतात. सावली खरीच असते. दिवा कुठे होता, तेवढं आधी कळायला हवं.